शब्बाथ शाळा, व्हीबीएस आणि शिबिरांतील मुलांची सुरक्षितता: ग्रामीण विदर्भातील मंडळ्यांसाठी मार्गदर्शक

विदर्भातील खेड्यापाड्यांच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांमध्ये, मुलांचे बहुतेक काम स्वयंसेवकांच्या बळावर चालते. रविवारची शब्बाथ शाळा (मुलांचा बायबल वर्ग), कॅथलिक मंडळींतील धर्मशिक्षणाचा वर्ग, उन्हाळ्यातील व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे सुट्टीतील बायबल वर्ग), नाताळाआधीची कॅरलची फेरी, तरुण संघाचे शिबिर आणि कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आईवडील शेतातून परत येईपर्यंत चर्चच्या ओसरीवर भरणारा अभ्यासवर्ग यांपैकी काहीही पगारी माणसे चालवत नाहीत. शिकवणारी ताई कोणाची तरी मावशी असते, ढोलकी वाजवणारा दादा कोणाचा तरी चुलतभाऊ असतो आणि समोर बसलेल्या निम्म्या मुलांचा बाप्तिस्मा पाळकसाहेबांच्याच हातून झालेला असतो. ही जवळीक मंडळीचे मोठे बळ आहे. परंतु मुलांवर लैंगिक अत्याचार करणारा माणूस बहुतेक वेळा घरच्यांच्या ओळखीचा आणि विश्वासातलाच असतो, आणि जिथे सगळेच एकमेकांना ओळखतात तिथे त्याच्यावर लक्ष ठेवण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

म्हणून माणसे चांगली आहेत एवढ्यावर मुलांची सुरक्षितता सोडता येत नाही. तिच्यासाठी व्यवस्था लागते. पुढे सांगितलेली व्यवस्था दोन नियमांवर उभी आहे. कोणतेही मूल कोणत्याही एका प्रौढ व्यक्तीबरोबर आडोशाला एकटे असू नये, हा पहिला नियम. मुलाने काही सांगितले तर ते मंडळीच्या आत न मुरता पोलिसांपर्यंत पोहोचावे, हा दुसरा. हे दोन नियम लहान गावात, तुटपुंज्या साधनांत प्रत्यक्ष कसे पाळायचे, याचाच तपशील पुढे दिला आहे.

आधी कायदा समजून घ्यावा

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच पोक्सो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, या कायद्याने बालक ठरते. मुलग्यांना काही होत नाही या समजुतीने मुलींचीच तेवढी काळजी घेण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली आहे, परंतु कायदा असा भेद करत नाही आणि अत्याचार करणाराही करत नाही.

कलम १९ नुसार असा अपराध घडल्याची किंवा घडण्याची शक्यता असल्याची माहिती ज्या कोणाला असेल त्याने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलीच पाहिजे. या तरतुदीत पाळक, फादर, सिस्टर किंवा शब्बाथ शाळेचे शिक्षक यांच्यासाठी कोणतीही वेगळी सूट लिहिलेली नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा कर्मचारी वर्गातील व्यक्तीने त्या संस्थेतील बालकावर केलेला अत्याचार हा कायदा अधिक गंभीर स्वरूपाचा मानतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा स्वरूपाच्या प्रवेशी लैंगिक हल्ल्यास (शरीरात अवयव वा वस्तू घुसवून केलेल्या अत्याचारास) किमान वीस वर्षांची शिक्षा आहे.

या कायद्यातले दोन महत्त्वाचे निकाल विदर्भातल्याच प्रकरणांतून आलेले आहेत, आणि ते प्रत्येक पंचमंडळाला, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांना, माहीत असायला हवेत. कपड्यांवरून केलेला स्पर्श हा लैंगिक हल्ला होत नाही, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द केला आणि स्पर्शामागचा लैंगिक हेतू महत्त्वाचा आहे हे स्पष्ट केले. दुसरे प्रकरण चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहाचे. तिथल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणात, मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी माहिती असूनही पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने डॉक्टरांविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता, पण २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बाजूला सारला आणि माहिती असूनही न कळवणे हाच गंभीर गुन्हा आहे असे म्हटले. ‘आम्ही आमच्यात बघून घेतो’ असे म्हणणाऱ्या कोणत्याही संस्थेला हा निकाल लागू पडतो.

कॅथलिक मंडळींसाठी पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेला आणि २०२३ मध्ये कायम केलेला चर्चचा अंतर्गत कायदाही आहे. त्यानुसार धर्मगुरू व व्रतस्थांनी (सिस्टर, ब्रदर) अशी माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. मात्र देशाच्या कायद्याने सांगितलेले कर्तव्य त्यामुळे कमी होत नाही, हेही त्यातच नमूद आहे. बिशपांना पत्र लिहिले म्हणजे पोलिसांना कळवण्याचे काम झाले असे होत नाही.

पहिली पायरी: जबाबदारी नावानिशी सोपवणे

पंचमंडळाच्या किंवा पास्टरेट कमिटीच्या बैठकीत ठराव करून दोन व्यक्तींना बालसुरक्षेची जबाबदारी द्यावी. त्यांपैकी किमान एक स्त्री असावी, दोघे एकाच कुटुंबातील नसावेत आणि दोघांपैकी कोणीही पाळकांचा नातेवाईक नसावा. शेवटची अट लहान मंडळीत अवघड जाते, हे खरे आहे. पंचवीस घरांच्या मंडळीत सगळे सोयरेच निघतात. तसे असेल तर शेजारच्या गावच्या मंडळीतील एखाद्या निवृत्त शिक्षिकेला किंवा परिचारिकेला विनंती करावी. तक्रार पाळकांविरुद्धच आली तर ती ऐकून घेणारा माणूस त्यांच्या दबावाखाली नसावा, एवढ्यासाठी ही धडपड आहे.

या दोघांची नावे आणि फोन नंबर चर्चच्या दारावर, मुलांना वाचता येतील अशा उंचीवर लावावेत. त्याच कागदावर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८, आपत्कालीन मदतीचा ११२ आणि आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्याचा नंबर लिहावा. मेळघाटात किंवा भामरागड, एटापल्लीकडे ज्या गावांत मोबाइलला रेंज नाही तिथे रेंज कुठे मिळते, ठाण्यापर्यंत कोणत्या वाहनाने जायचे आणि रात्री गाडी कोण देईल, हेही आधीच ठरवून ठेवावे. गावच्या ग्राम बाल संरक्षण समितीशी आणि अंगणवाडी सेविकेशी ओळख करून घ्यावी. पोलीस पाटलांना सांगणे उपयोगाचे असते, पण त्यांच्या कानावर घातले म्हणजे ठाण्यात गुन्हा नोंदला गेला असे समजू नये.

त्यानंतर एका पानाचे लेखी धोरण तयार करावे. ते सोप्या मराठीत असावे, उपासनेनंतर मोठ्याने वाचून दाखवावे आणि प्रत्येक स्वयंसेवकाची त्यावर सही घ्यावी. इतर धर्मांतील घरांची मुलेही व्हीबीएसला येतात. त्यांच्याच नव्हे तर प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती घ्यावी आणि तिथे काय शिकवले जाईल, वेळ काय आणि सोबत कोण असेल हे त्या कागदावर स्पष्ट लिहावे.

दुसरी पायरी: स्वयंसेवकांची निवड

आपल्याकडे माणूस मिळणेच कठीण असते, त्यामुळे जो पुढे येतो त्याच्या हाती वर्ग सोपवला जातो. ही सवय मोडावी लागेल. मुलांबरोबर काम करू इच्छिणारी व्यक्ती किमान सहा महिने मंडळीत नियमित आलेली असावी, तिने लेखी अर्ज द्यावा आणि नातेवाईक नसलेल्या दोन व्यक्तींची नावे द्यावीत. त्या दोघांशी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलावे आणि सरळ विचारावे की, तुमची मुले या माणसाच्या हवाली करायला तुम्ही तयार आहात का. उत्तरापूर्वीचा संकोचही नोंदवून ठेवण्यासारखा असतो. याआधी दुसऱ्या गावच्या मंडळीत ती व्यक्ती काम करत होती आणि अचानक सोडून आली, असे असेल तर तिथल्या पाळकांना आणि आणखी एका सभासदाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण अनेकदा अवघड प्रकरण मिटवण्यासाठी माणसाला फक्त दुसरीकडे पाठवले जाते आणि तो कोरी पाटी घेऊन नव्या गावात येतो.

पोक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घेणे आणि त्यांना प्रशिक्षण देणे अपेक्षित आहे. मंडळीचे स्वयंसेवक पगारी नसले तरी हीच शिस्त त्यांनाही लावावी. चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. ज्यांना जमत नाही त्यांनी सेतू केंद्रातून करावा आणि त्याचा खर्च मंडळीने उचलावा. मात्र हे प्रमाणपत्र मिळाले म्हणून निश्चिंत होऊ नये. त्यात नोंद झालेले गुन्हेच दिसतात, आणि मुलांवरील बहुसंख्य अत्याचार कधी ठाण्यापर्यंत पोहोचलेलेच नसतात.

शिबिराला बाहेरून येणारे वक्ते, गायक, प्रवासी उपदेशक यांना ही अट लागू नाही असे समजले जाते. त्यांची पडताळणी दोन दिवसांत होणार नसेल, तर त्यांनी व्यासपीठावरून बोलावे, मुलांमध्ये एकटे वावरू नये आणि मुले असलेल्या घरी त्यांच्या मुक्कामाची सोय करू नये. पाहुण्याचा मान राखण्याच्या ओघात ही एक गोष्ट हमखास सुटते. सतरा वर्षांचा मदतनीस मुलगा किंवा मुलगी प्रौढांमध्ये मोजू नये. कायद्याने तेही बालकच आहेत आणि त्यांचेही रक्षण आपल्याला करायचे आहे.

तिसरी पायरी: जागा आणि वेळ यांची पाहणी

एका रविवारी उपासना सुटल्यावर दोन्ही जबाबदार व्यक्तींनी चर्चच्या आवाराभोवती सावकाश फेरी मारावी आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारावे की इथे एखादा माणूस मुलाबरोबर एकटा थांबला तर तो बाहेरून कोणाला दिसेल. आमच्या भागातील जुन्या चर्चच्या इमारतींचा नकाशा जवळपास सारखाच असतो: समोर एक मोठी खोली, मागे झगे आणि प्रभुभोजनाची भांडी ठेवायची एकदारी कोठी, बाजूला पत्र्याचे स्वयंपाकघर आणि आवाराच्या टोकाला, कडुनिंबामागे, शौचालय. कोठी मुले आवारात असताना कुलूपबंद ठेवावी आणि किल्ली एकाच माणसाकडे नसावी. वर्गाचे दार उघडे ठेवावे. ऊन्ह आत येते म्हणून ते लावून घेतले जात असेल तर दारावर पडदा न लावता आत दिसेल अशी जाळी बसवावी. शौचालयाला मुलांनी दोघादोघांनी जावे आणि मोठ्या माणसाने बाहेरच, दिसेल अशा जागी थांबावे. वीज गेल्यावर सगळ्यांनी मोकळ्या अंगणात येऊन बसायचे हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा आणि चार्जिंगचा दिवा वर्गातच ठेवावा.

प्रत्येक वर्गाला किमान दोन प्रौढ हवेत आणि ते नवरा-बायको किंवा सख्खे भाऊ नसावेत. दुसरी व्यक्ती आली नाही तर दोन वर्ग एकत्र बसवावेत. तेही शक्य नसेल तर त्या दिवशी वर्ग रद्द करावा. मुलांना निराश करणे कोणालाच आवडत नाही, तरीही एकदा सवलत दिली की हा नियम कागदावर उरतो. एखाद्या मुलाशी एकट्याने बोलायची किंवा त्याच्यासाठी प्रार्थना करायची असेल, तर ते सगळ्यांना दिसेल अशा जागी, पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर करावे.

सर्वांत जास्त धोका येण्याजाण्याच्या वेळी असतो, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. संध्याकाळची प्रार्थना लांबते, शेवटची एसटी निघून गेलेली असते, पलीकडच्या वस्तीवरच्या मुलीला घरी सोडायचे असते आणि मोटारसायकल एकाकडेच असते. तो सज्जन असेलही, परंतु व्यवस्था त्याच्या सज्जनपणावर अवलंबून राहायला नको. मुलांचा कोणताही कार्यक्रम अंधार पडण्यापूर्वी संपवावा. एका वस्तीची मुले एकत्र निघावीत आणि त्यांच्यासोबत दोन प्रौढ चालत जावेत. मुलाला कोण न्यायला येईल याची यादी पालकांकडून आधीच घ्यावी, आणि यादीत नसलेल्या माणसाच्या हवाली, तो मंडळीतला मोठा पंच असला तरी, मूल देऊ नये. गाडीवर न्यायलाच लागले तर दोन मुले सोबत न्यावीत आणि निघताना व पोहोचल्यावर पालकांना फोन करावा. नाताळच्या कॅरल फेरीला अंधारापूर्वी संपवण्याचा नियम लावता येत नाही, म्हणून बाकीचे नियम अधिक काटेकोरपणे लागू करावेत, कारण ती रात्री असते, घरोघर चहापाणी होते आणि कोणते मूल कोणत्या घरी मागे राहिले ते कोणाच्या लक्षात राहत नाही. प्रत्येक घरातून निघताना हजेरी घ्यावी.

व्हीबीएस आणि मुक्कामी शिबिरे

विदर्भातील उन्हामुळे व्हीबीएस सकाळी लवकर भरते आणि उन्हे चढण्यापूर्वी सुटते. त्याच दिवसांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या पट्ट्यात तेंदूपत्त्याचा हंगाम चालू असतो आणि पालक पहाटेच जंगलात गेलेले असतात. वर्ग सुटला तरी घरी कोणी नसते. अशी मुले दुपारभर चर्चच्या आवारात रेंगाळतात, आणि वर्गाची वेळ संपली म्हणजे आपली जबाबदारी संपली असे मानून स्वयंसेवक निघून जातात. अशा गावांत सुटल्यानंतरचे तासही वेळापत्रकात धरावेत आणि त्या वेळेसाठी दोन जणांची पाळी लावावी.

मुक्कामाच्या शिबिरात मुले आणि मुली वेगवेगळ्या इमारतीत किंवा किमान वेगवेगळ्या दारांच्या खोल्यांत झोपावेत. मोठी आणि लहान मुले एकाच खोलीत ठेवू नयेत, कारण मोठ्या मुलांकडून लहानांवर होणारे अत्याचारही खरे असतात. प्रौढांनी मुलांच्या खोलीत झोपू नये. दाराबाहेर दोन प्रौढांची आळीपाळीने पाळी असावी. आंघोळीची सोय बंदिस्त असावी आणि हातपंपावर सगळ्यांसमोर आंघोळ करण्याची वेळ मोठ्या मुलींवर येऊ नये. झोपण्याच्या व आंघोळीच्या जागी कोणाचाही मोबाइल फोन जाऊ नये. शिबिराचे फोटो काढायचे असतील तर त्यासाठी एका माणसाला नेमावे आणि पालकांच्या संमतीशिवाय एकही फोटो फेसबुकवर किंवा देणगीदारांना पाठवायच्या अहवालात घालू नये.

फोनबद्दलचा नियम वर्षभर लागू ठेवावा. कोणत्याही स्वयंसेवकाने मुलाला खासगीत व्हॉट्सअ‍ॅप संदेश पाठवू नये, बायबलच्या वचनाचा किंवा प्रार्थनेचा संदेशसुद्धा नाही. निरोप पालकांच्या फोनवर किंवा पालक सभासद असलेल्या ग्रुपवरच द्यावा.

धोक्याच्या खुणा

अत्याचार क्वचितच एकाएकी सुरू होतो. त्याआधी बरेच दिवस मुलाला आणि त्याच्या घरालाही जवळ केले जाते. एकाच मुलाला वही, चप्पल, रिचार्ज अशा भेटी मिळू लागतात. त्याला गाण्यासाठी किंवा पाठांतरासाठी वेगळे बोलावले जाते. गरीब घराला धान्याची, फीची मदत होते आणि त्या उपकाराखाली आईवडिलांचे तोंड बंद राहते. ‘हे आपल्या दोघांतच ठेव’ असे सांगितले जाते. थट्टेतला स्पर्श हळूहळू वाढवला जातो. यातली एक गोष्ट दिसली म्हणून लगेच कोणावर आरोप करू नये, पण ती दिसताच त्या स्वयंसेवकाला धोरणाची आठवण करून द्यावी आणि तारखेसह नोंद ठेवावी. आठवण करून दिल्यावरही तो नियम मोडत राहिला, तर त्याला मुलांच्या कामातून बाजूला करायला तेवढे कारण पुरेसे आहे.

मुलाकडूनही खुणा मिळतात. रविवारी सकाळी पोट दुखणे, अंथरूण ओले होणे, एखाद्या माणसाचे नाव निघताच गप्प होणे, वयाला न शोभणारे लैंगिक बोलणे, लघवीच्या जागी दुखणे, शाळेतून मन उडणे. ‘मले त्या सरकडे नाई जायचं’ असे एखादे पोर रडत म्हणते आणि आई त्याला चापट मारून पाठवते. त्या वाक्याचे कारण शांतपणे विचारायला पालकांना शिकवणे, हे शब्बाथ शाळेच्या पालकसभेचे काम आहे.

मुलांना काय शिकवावे

मोठ्यांचे ऐकावे ही शिकवण आपण मुलांना सतत देतो. तिच्याबरोबर हेही सांगावे की, कोणी मोठा माणूस, मग तो पाळक, शिक्षक किंवा मामा का असेना, अंगाच्या झाकलेल्या भागांना हात लावत असेल, तसे करायला सांगत असेल किंवा तसली चित्रे दाखवत असेल, तर त्याचे ऐकायचे नाही, तिथून निघून जायचे आणि विश्वासाच्या माणसाला सांगायचे. पहिल्या माणसाने विश्वास ठेवला नाही तर दुसऱ्याला सांगायचे. अवयवांची नावे न लाजता सांगावीत. कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलांशी हे त्यांच्याच भाषेत बोलावे, कारण मराठीत समजलेले मूलही घडलेली गोष्ट सांगताना घरच्या भाषेतच सांगते. दिव्यांग मुले, वसतिगृहातील मुले आणि आईवडील कामासाठी परगावी गेल्यामुळे आजीजवळ राहणारी मुले यांच्यासाठी वेगळा वेळ काढावा. सांगायला जवळचे माणूस नाही अशाच मुलाला हेरले जाते.

मूल सांगते तेव्हा

ही पायरी सर्वांत कठीण आहे आणि इथे घाई किंवा घबराट झाली तर मुलाचे मोठे नुकसान होते. चेहरा शांत ठेवावा. मूल जे आणि जितके सांगेल तितके ऐकावे. मग त्याला एवढेच म्हणावे: ‘तू सांगितलंस ते फार चांगलं केलंस. यात तुझी काही चूक नाही. आता तुला मदत करणाऱ्या माणसांना मला हे सांगावं लागेल.’ कोणाला सांगणार नाही असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ‘त्यानं इथं हात लावला का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत. फार तर ‘मग काय झालं?’ एवढे विचारावे. पुन्हापुन्हा तपशील वदवून घेणे, पंचांसमोर उभे करणे, आरोपीला बोलावून समोरासमोर करणे, शपथ घालणे, यातले काहीही करू नये. खरे-खोटे ठरवणे हे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे.

मूल गेल्यावर लगेच, त्याचेच शब्द, त्याच्याच बोलीत, तारीख व वेळेसह लिहून काढावेत आणि सही करावी. घटना ताजी असेल तर मुलाला आंघोळ घालू नये आणि कपडे धुऊ नयेत. बदललेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कागदी पिशवीत ठेवावेत.

त्याच दिवशी पोलिसांना कळवावे. १०९८ किंवा ११२ वर फोन करता येतो, तरी शक्य असेल तर ठाण्यात जाऊन प्रथम खबर (एफआयआर) नोंदवावी आणि तिची मोफत प्रत घ्यावी. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली म्हणून नोंद नाकारता येत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. आईवडील किंवा मुलाच्या विश्वासाची व्यक्ती सोबत हवी. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. भाषा कळत नसेल तर दुभाषा मिळतो. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचे असते, आणि समिती मुलासाठी साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. ती मागून घ्यावी, कारण खटला संपेपर्यंत कुटुंबाला धीर देणारा जाणता माणूस दुसरा नसतो.

दवाखान्यात जायला उशीर करू नये. गर्भधारणा आणि एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी परिणामकारक असतात. तातडीच्या उपचारासाठी डॉक्टरांना आधी पोलिसांचा कागद मागता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. ग्रामीण रुग्णालयात त्या नसतील तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे आणि त्या प्रवासाचा खर्च मंडळीने करावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि राज्याच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्यासाठी अर्जही तिथेच करता येतो.

मंडळीने नंतर कसे वागावे

ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याच दिवसापासून मुलांच्या प्रत्येक कामातून आणि जबाबदारीच्या पदावरून दूर ठेवावे. हा निकाल नव्हे, खबरदारी आहे, हे त्याला आणि मंडळीला सांगावे. तो पाळक असेल तर बिशप, डायोसिस किंवा संबंधित वरिष्ठांना कळवावे, पण पोलिसांना कळवल्यानंतर. आरोपी स्वतः अठरा वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. त्याच्या कुटुंबालाही आधाराची गरज असते आणि तो आधार देणे मंडळीचे कर्तव्य आहे.

मुलाचे नाव, घर, शाळा यांपैकी काहीही प्रार्थनेच्या विनंतीतूनसुद्धा बाहेर जाऊ नये. ‘अमक्या मुलीसाठी प्रार्थना करा’ असा एक संदेश गावभर फिरायला तासभर पुरतो.

यानंतर दबाव सुरू होतो. आपण थोडे लोक आहोत, आधीच आपल्याकडे संशयाने पाहिले जाते, बाहेरच्यांच्या हाती कोलीत मिळेल, असे म्हणणारी माणसे मनाने वाईट नसतात आणि त्यांची भीतीही खोटी नसते. तरीही त्या भीतीची किंमत एका लेकराने का मोजावी, हा प्रश्न त्यांना प्रेमाने आणि ठामपणे विचारावा. शिवाय दडवलेले प्रकरण पाच वर्षांनी बाहेर येते तेव्हा अनेक मुलांची नावे निघतात आणि मंडळीचे नाव कायमचे जाते. क्षमेच्या नावाखाली मुलाकडून किंवा आईवडिलांकडून तडजोड करून घेऊ नये. पैसे देऊन, लग्न लावून किंवा स्टॅम्प पेपरवर लिहून असे प्रकरण मिटत नाही. हे गुन्हे आपसात मिटवण्याजोगे नाहीत. पीडित कुटुंबाला उपासनेत टाळले जाणार नाही, त्यांच्या लग्ना-बारशांना माणसे जातील, याची काळजी महिला मंडळाने नावे वाटून घेऊन करावी.

दरवर्षीचे वेळापत्रक

व्हीबीएसच्या तारखा साधारण ईस्टरच्या सुमारास ठरतात, म्हणून ही तयारी त्याआधी सुरू करावी. जानेवारीत धोरण पुन्हा वाचून सह्या घ्याव्यात, फेब्रुवारीत पडताळणीचे अर्ज भरावेत, मार्चमध्ये स्वयंसेवकांचे एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवावे आणि त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे वक्त्याची मागणी पत्राने करावी. शिबिर संपल्यावर आठवडाभरात जबाबदार व्यक्तींनी मुलांना गटागटाने विचारावे की, कुठे भीती वाटली, कोणती जागा आवडली नाही, कोणाबरोबर पुन्हा जायला नको वाटते. उत्तरे वहीत लिहावीत, वही कुलपात ठेवावी, आणि पुढच्या वर्षीच्या स्वयंसेवकांची यादी करायला बसण्यापूर्वी ती काढून वाचावी.